आठशे कॅलरी : कुणी, किती दिवस, कुणाच्या देखरेखीखाली?

लग्नाची तारीख ठरली की हॉल, दागिने, साड्या यांच्या यादीत आणखी एक काम येऊन बसतं : दोन महिन्यांत दहा किलो उतरवायचे. मग कुणी सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी-टोमॅटो आणि रात्री वाटीभर सूप एवढ्यावर राहू लागतं. कुणी पाकिटातली पावडर पाण्यात घोळून दोन वेळचं जेवण सोडतं. कुणी मोबाइलवर आलेला सात दिवसांचा तक्ता फ्रिजवर चिकटवतं : पहिल्या दिवशी फक्त फळं, दुसऱ्या दिवशी फक्त भाज्या. निमित्त लग्नाचंच असतं असं नाही. साखरेचा रिपोर्ट वाढलेला येतो, गुडघे कुरकुरू लागतात, ऑफिसच्या तपासणीत 'फॅटी लिव्हर' निघतं, आणि माणूस एकदम टोकाचा निर्णय घेतो.

असं अगदी कमी खाऊन वजन उतरवणं आरोग्याला चांगलं की वाईट? थोडक्यात उत्तर असं : घरच्या घरी, स्वतःच्या मनानं केलं तर वाईट, कधीकधी धोक्याचं. निवडक माणसांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवडे केलं तर उपयोगाचं, आणि उपयोगही लहानसहान नाही. आहार तोच असूनही उत्तरं दोन का येतात, ते समजलं की आपण कुठल्या गटात बसतो हे ठरवणं सोपं जातं.

किती कमी म्हणजे फार कमी?

वैद्यकशास्त्रात दिवसाला ८०० किंवा त्याहून कमी कॅलरी देणाऱ्या आहाराला अतिअल्प कॅलरी आहार म्हणतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानुसार ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला साधारण १६६० आणि ६५ किलोच्या, तशाच कामाच्या पुरुषाला साधारण २११० कॅलरी लागतात. म्हणजे ८०० कॅलरी हे निम्म्याहूनही कमी अन्न झालं. याच संस्थेनं सर्वसामान्य लोकांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात वजन कमी करण्याचा आहार १००० कॅलरींच्या खाली जाऊ नये आणि आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरणं सुरक्षित समजावं, असं सांगितलं आहे.

इथे एक घोळ नेहमी होतो. दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी पोचली. ती कितीदा खावं याबद्दल बोलते. आपण बोलतोय ते किती खावं याबद्दल. दोन वेळा जेवून १८०० कॅलरी खाता येतात आणि पाच वेळा चरून ७०० सुद्धा. उपासाचंही तसंच. १०० ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट आणि दोन चमचे तूप एवढ्यात ताटलीभर खिचडीच्या ६०० कॅलरी होतात. वर वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू आणि दोन केळी आली की 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आकड्यांनिशी खरी ठरते. म्हणून 'मी उपास करते' किंवा 'मी दोनदाच जेवतो' यावरून काहीच ठरत नाही. दिवसभराची बेरीज किती झाली ते पाहावं लागतं.

पहिल्या आठवड्यातले चार किलो कुठे जातात?

टोकाचं डाएट करणाऱ्यांचा विश्वास बसतो तो पहिल्या आठवड्यात. काटा तीन-चार किलो खाली येतो आणि माणूस हरखतो. पण त्यातली चरबी किती?

यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन या रूपात साखरेचा साठा असतो. प्रौढ माणसात तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम भरतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की दोन-तीन दिवसांत हा साठा संपत येतो आणि त्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून जातं. मीठ कमी पोटात गेल्यानं आणखी थोडं पाणी जातं, आतडी रिकामी राहिल्यानं आणखी थोडं वजन घटतं. काट्यावर दोन किलोंचा फरक पडतो, पण पोटावरची चरबी जवळपास तिथेच असते.

आता चरबीचा हिशेब करू. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. दिवसाला १८०० कॅलरी खर्च करणाऱ्या स्त्रीनं फक्त ६०० कॅलरी खाल्ल्या तर रोज १२०० कॅलरींची तूट पडते, आठवड्याची ८४००. म्हणजे चरबी जास्तीत जास्त किलो-सव्वा किलोच्या आसपास उतरेल. त्यापलीकडचं जे काही काट्यावर दिसतं ते पाणी किंवा स्नायू. पाणी एका लग्नाच्या पंगतीत परत येतं. स्नायू मात्र सहज परत येत नाहीत, आणि खरी काळजी त्यांचीच आहे.

८०० कॅलरींचं घरचं ताट

घरच्या जेवणातून ८०० कॅलरी कशा बसतात ते मांडून पाहा. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्या, वाटीभर वरण, दोन चमचे तेलात केलेली पालेभाजी आणि एक पेला गाईचं दूध. झालं, साडेसहाशे-सातशे कॅलरी संपल्या. दिवसभरात एवढंच. यातून प्रथिनं किती मिळाली? साधारण २५ ग्रॅम. आपल्याला रोज लागतात स्त्रियांना ४६ आणि पुरुषांना ५४ ग्रॅमच्या आसपास. वजन उतरवण्याच्या काळात तर स्नायू टिकवायला याहून थोडी जास्तच लागतात. लोह, कॅल्शियम, पोटॅशियम, बी-१२ यांचीही हीच रड. काकडी आणि सूपवर राहिलं तर हिशेब आणखी बिघडतो.

प्रथिनं कमी पडली की शरीर स्वतःचे स्नायू तोडून वापरतं. घर चालवायला व्याजाऐवजी मुद्दल मोडण्यासारखंच ते आहे. स्नायू घटले की विश्रांतीच्या वेळी होणारा कॅलरींचा खर्च घटतो. त्यात उपासमार ओळखून शरीर आपला खर्च आणखी आवरतं. डाएट संपवून माणूस पूर्वीइतकंच जेवायला लागतो तेव्हा ते 'पूर्वीइतकं' आता जास्त झालेलं असतं. वजन परत येतं ते बहुतेक चरबीच्या रूपात.

महाराष्ट्रातल्या बायकांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीनं तीन महिने सूप आणि सॅलडवर काढले तर लग्नात ती बारीक दिसेल, पण थकलेलीही दिसेल. अशा डाएटनंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात आणि त्या वेळी दोष शाम्पूला दिला जातो. पाळी लांबणं किंवा थांबणं हाही शरीरानं दिलेला इशाराच असतो.

दोन जुने धडे

हे धोके कागदावरचे नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं हे शोधायचं होतं. २४ आठवडे या तरुणांना दिवसाला साधारण दीड हजार ते सोळाशे कॅलरी दिल्या आणि भरपूर चालायला लावलं. आकडा नीट पाहा : आज ज्याला आपण साधं डाएट म्हणू तेवढं ते खाणं होतं, पण त्यांच्या अंगमेहनतीला ते फारच अपुरं होतं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्यानं घटलं. सतत थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, कशातच मन लागायचं नाही. दिवसभर डोक्यात अन्नाचाच विचार. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. पुन्हा मनसोक्त जेवायला मिळालं तेव्हा अनेकांचं पोट भरलं तरी भूक शमेना. कडक डाएटनंतर ज्यांचा खाण्यावरचा ताबा सुटतो ते स्वतःला इच्छाशक्ती नसलेले समजतात. त्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. ही भूक शरीराची प्रतिक्रिया असते.

दुसरा धडा जास्त कठोर आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत 'द लास्ट चान्स डाएट' नावाचं पुस्तक आलं आणि द्रवरूप प्रथिनांवर राहून झटपट बारीक होण्याची लाट उसळली. दिवसाला जेमतेम ३००-४०० कॅलरी, आणि प्रथिनं कोलॅजेनपासून, म्हणजे जनावरांच्या कातडी-स्नायूबंधांपासून काढलेली. आवश्यक अमिनो आम्लं त्यात अपुरी आणि खनिजंही नावापुरती. पुढच्या एक-दोन वर्षांत अशा आहारावर असलेल्या सुमारे ६० जणांच्या मृत्यूची नोंद झाली. त्यातल्या अनेकांना आधी हृदयविकार नव्हता. त्यांच्या हृदयाचे ठोके अचानक बिघडले. हृदय हाही स्नायूच आहे, आणि उपासमारीत शरीर दंडाचे स्नायू वापरतं तसे हृदयाचेही वापरतं, हे त्यातून ठळकपणे दिसलं. आजच्या वैद्यकीय शेकमध्ये उत्तम प्रतीची प्रथिनं, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि जीवनसत्त्वं मोजून घातली जातात ती या अनुभवामुळेच.

याशिवाय झपाट्यानं वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. चरबी वितळताना यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं आणि जेवणात स्निग्धांश नसल्यानं पित्ताशय आकुंचन पावत नाही. साचलेल्या पित्तात खडे धरतात. युरिक आम्ल वाढून गाउटचं दुखणं उसळू शकतं. आणि बरेच दिवस जवळपास उपाशी राहिलेल्या माणसानं एकदम गोडाधोडाचं भरपेट जेवण घेतलं, तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्यानं खाली येऊन जिवावर बेतू शकतं. उपास सोडण्याचीही एक रीत असावी लागते ती यासाठी.

आपलं शरीर थोडं वेगळं आहे

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि जगभर गाजला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी भारतीयांची ठेवण त्या एका फोटोनं दाखवून दिली.

याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. एकीकडे, आपल्याला कमी वजनातच मधुमेह गाठतो. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा मानतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगतात. दुसरीकडे, आपल्याकडे स्नायूंची शिल्लकच कमी असल्यानं उपासमारीत ते गमावणं आपल्याला जास्त महागात पडतं. पाश्चात्त्य माणसाचा दोन महिन्यांचा तक्ता उचलून आपल्याकडे लावताना हा फरक विसरून चालत नाही. बीएमआय २४ असलेल्या, फक्त पोट सुटलेल्या माणसाला ८०० कॅलरींची गरज नाही. त्याला हवेत स्नायू आणि थोडं बेतानं जेवण.

मग फायदा कुणाला झाला?

आता नाण्याची दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी केलेला 'डायरेक्ट' हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेह होऊन सहा वर्षं उलटली नाहीत, इन्सुलिन सुरू नाही आणि वजन जास्त आहे, अशा लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५० कॅलरींचे शेक आणि सूप दिले. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या. त्यानंतर काही आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं नेहमीचं अन्न सुरू केलं आणि पुढे नियमित भेटी चालू ठेवल्या. वर्षअखेरीस यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. दोन वर्षांनी हा आकडा ३६ टक्क्यांवर आला, कारण काहींचं वजन परत वाढलं होतं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं त्यावर आधारित कार्यक्रम २०२० पासून सुरूही केला.

हा निकाल महत्त्वाचा आहे. टाइप २ मधुमेह काही जणांत मागे हटू शकतो, हे त्यातून दिसलं. पण त्यामागची व्यवस्थाही पाहा : निवडलेले रुग्ण, मोजलेला आहार, डॉक्टर, नर्स आणि आहारतज्ज्ञ, औषधांत बदल आणि पुढच्या महिन्यांची सोबत. मोबाइलवरच्या तक्त्यात यातलं काहीच नसतं.

झटपट उतरलेलं वजन झटपट परत येतं, अशीही एक समजूत आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं ती तपासली. २०० लठ्ठ माणसांपैकी निम्म्यांनी १२ आठवड्यांत आणि निम्म्यांनी ३६ आठवड्यांत वजन उतरवायचं होतं. झपाट्यानं उतरवणाऱ्या गटात जास्त लोकांनी उद्दिष्ट गाठलं. आणि तीन वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांतल्या लोकांचं उतरलेल्यापैकी सुमारे ७० टक्के वजन परत आलेलं होतं. म्हणजे परत येण्याला केवळ वेग जबाबदार नव्हता. वजन टिकवण्याची योजना नसेल तर सावकाश उतरलेलंही परत येतं.

लठ्ठपणाची शस्त्रक्रिया करण्याआधी यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून दोन-तीन आठवडे असा आहार देतात. तिथेही तो उपचाराचा भाग असतो, आणि किती दिवस हे सर्जन ठरवतात.

यांनी हा प्रयोग करूच नये

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुलं-मुली, अशक्त वृद्ध, टाइप १ मधुमेह असलेले, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले किंवा ठोके अनियमित असलेले, मूत्रपिंड वा यकृत निकामी होत असलेले, आणि ज्यांना खाण्याशी निगडित मानसिक आजार आहे किंवा होऊन गेला आहे, अशांनी ८०० कॅलरींच्या वाटेला जाऊ नये. पित्ताशयात खडे किंवा गाउट असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

औषधं घेणाऱ्यांचा धोका वेगळाच आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू ठेवून जेवण निम्म्यावर आणलं तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, घेरी, कधी बेशुद्धी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांवर असताना उपाशी राहिलं तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि त्या वेळी साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या तशाच राहिल्या तर उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. गोळी आपल्या मनानं बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही. आधी डॉक्टर, मग ताट, हा क्रम उलटा करू नका. वजन कमी करण्याची इंजेक्शनं घेणाऱ्यांनीही सावध राहावं : भूकच मेल्यामुळे नकळत ६००-७०० कॅलरींवर आलात तर स्नायूंचं नुकसान तेच होतं.

डॉक्टरांनी सुचवलं तर काय विचाराल?

वजन बरंच जास्त आहे, मधुमेह नवा आहे आणि डॉक्टर स्वतः हा मार्ग सुचवत आहेत, तर घाबरण्याचं कारण नाही. पण काही गोष्टी स्पष्ट करून घ्या. सुरुवातीला इसीजी, मूत्रपिंड-यकृताच्या चाचण्या, सोडियम-पोटॅशियम, युरिक आम्ल आणि हिमोग्लोबिन तपासणार का? दर किती दिवसांनी पुन्हा तपासणार? औषधांचे डोस कोण आणि केव्हा बदलणार? आहार किती आठवडे? साधारणपणे तो १२ आठवड्यांच्या पुढे नेत नाहीत. दिवसाला प्रथिनं किती मिळणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं : नेहमीचं जेवण कसं परत सुरू करायचं आणि पुढचं वर्षभर भेटीगाठी कशा राहतील?

हेच प्रश्न 'तीस दिवसांत पंधरा किलो'ची पाटी लावलेल्या केंद्रात विचारून पाहा. डॉक्टरांचं नाव आणि पदवी सांगता येत नसेल, पावडरच्या डब्यावर घटक आणि अन्न परवान्याचा क्रमांक नसेल, गोळ्या सुट्या पुडीत मिळत असतील, तर पैसे भरू नका. 'पूर्णपणे वनस्पतीजन्य' म्हणून विकलेल्या काही उत्पादनांत सिब्युट्रामिनसारखं औषध लपवलेलं आढळलेलं आहे. हृदयाला धोका म्हणून या औषधावर भारतात २०११ मध्येच बंदी आली.

बाकीच्यांनी काय करावं?

बहुतेकांना उतरवायचे असतात सहा ते बारा किलो. त्यासाठी रोज ४००-५०० कॅलरींची तूट पुरते आणि आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतं. ही तूट ताटाला फारसा हात न लावताही निघू शकते. तीन दिवस खाल्लेलं सगळं प्रामाणिकपणे लिहून काढा, मग असा हिशेब मांडा :

दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल, तर ती ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. चौघांच्या घरात महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज ४० मिलिलिटरहून जास्त तेल, सुमारे ३५० कॅलरी. ते २५ मिलिलिटरवर आणलं तर दीडशेच्या आसपास वाचतात. संध्याकाळचं मूठभर फरसाण आणखी दीडशे. बेरीज साडेचारशेच्या पुढे गेली, आणि भाकरी, वरण, भाजी जागच्या जागी आहेत.

ज्यांना आखीव ताट हवं त्यांच्यासाठी साधारण १३०० कॅलरींचा एक दिवस असा : सकाळी मुगाची दोन धिरडी. दुपारी एक भाकरी, मोठी वाटी मटकीची उसळ, कोशिंबीर, पेलाभर ताक. संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि बिनसाखरेचा चहा. रात्री दोन लहान पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, भाजी आणि ५० ग्रॅम पनीर किंवा त्याऐवजी कमी तेलात केलेला मासा. यात प्रथिनं ६० ग्रॅमच्या आसपास मिळतात, म्हणजे आधीच्या ८०० कॅलरींच्या ताटाच्या दुपटीहून जास्त. उंच, धिप्पाड किंवा अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांना हे कमी पडेल. त्यांनी भाकरी आणि उसळ वाढवावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

जोडीला आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. जिम नसली तरी बैठका, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून जोर, जिने चढणं एवढ्यानं सुरुवात होते. वजन उतरत असताना स्नायू टिकवण्याचं काम चालण्यापेक्षा हेच व्यायाम जास्त करतात. काट्यावर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी सकाळी उभं राहा आणि महिन्यातून एकदा कंबर मोजा. ८० किलोंच्या माणसाचे चार ते आठ किलो उतरले तरी साखर, रक्तदाब आणि यकृतावरची चरबी यांत फरक दिसू लागतो. त्यासाठी कॉलेजमधल्या वजनापर्यंत पोचायची गरज नाही.

लगेच थांबा

कुठल्याही डाएटवर असताना छातीत धडधड किंवा दुखणं, भोवळ येऊन पडणं, जेवणानंतर पोटाच्या उजव्या वरच्या भागात कळ, सततची उलटी, गोंधळल्यासारखं होणं यांपैकी काही झालं, तर डाएट तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पाळी दोन महिने आली नाही, केस झपाट्यानं गळू लागले, किंवा दिवसभर अन्नाखेरीज दुसरं काही सुचेनासं झालं, तर तेही सांगा. ही लक्षणं 'डाएट लागू पडतंय' याची नाहीत.

८०० कॅलरींचा आहार हा उपचार आहे, आणि उपचाराला जे लागतं ते सगळं त्यालाही लागतं : डॉक्टर, तपासण्या, मुदत आणि नेहमीच्या जेवणाकडे परतण्याचा आराखडा. या चारांपैकी एक जरी गोष्ट हाताशी नसेल तरी तो सुरू करू नका. घरात कुणी सुरू केला असेल तर त्यांना रागवू नका. शेजारी बसून आधी चहातली साखर आणि तेलाचा डबा मोजा, आणि औषधं चालू असतील तर याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.